दार उघडं राहण्याचा वेळ

मी जात्याच भित्रा माणूस आहे, आणि भित्र्या माणसाला नियम फार आवडतात. नियम पाळला की आपल्या अंगावर काही येत नाही, असं त्याला वाटत असतं. आमच्या ऑफिसात कोड आपोआप नीटनेटका करणारं साधन मी हट्टाने आणलं, त्यामागचं खरं कारण हेच होतं. बाकीची कारणं मी नंतर शोधली.

चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी आहे. खाली शेडमध्ये लिफ्टचे कंट्रोल बोर्ड जोडले जातात, वरच्या मजल्यावर आम्ही काही जण त्या बोर्डांत भरायचा प्रोग्राम लिहितो. लिफ्ट कुठे थांबायची, कधी हलायची, दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे सगळं त्यात असतं. इतकं गंभीर काम करणारे आम्ही भांडत मात्र होतो कंसांवरून. कुणी कंस त्याच ओळीत उघडायचा, कुणी खालच्या. कुणी ओळीच्या सुरुवातीला दोन जागा सोडायचा, कुणी चार. एकाने लिहिलेलं दुसरा मुद्दाम आपल्या पद्धतीने सरकवून ठेवायचा. शेवटी दोघांनी एकत्र जेवायला बसणं सोडलं, तेव्हा मी मालकांना म्हटलं, यावर फॉरमॅटर हा एकच उपाय आहे. बटण दाबलं की सगळ्यांचा कोड एकाच वळणाचा होतो. त्याचं वळण कुणालाच पूर्ण आवडत नाही, म्हणून भांडणही होत नाही.

मालक म्हणाले, "आणा. पण लोकांच्या प्रश्नांना उत्तरं तुम्ही द्यायची."

प्रश्न आले. तेच तेच प्रश्न सगळे विचारायला लागले, म्हणून मी एक पान तयार केलं. मी हाताने लावलेले रकाने हे मोडून टाकेल का? टाकेल, पण वर-खाली अमुक खूण घाला, म्हणजे तेवढा भाग ते सोडून देईल. उद्या एखादी ओळ कुणी लिहिली हे शोधायला गेलं तर सगळीकडे तुमचंच नाव दिसेल ना? दिसेल, पण हा बदल मोजू नको असं सांगण्याची सोय आहे. नाही पटलं तर माझ्यापुरतं बंद करता येईल का? नाही, मग ते आणून उपयोग काय? आणि सगळ्यांनी, अगदी मालकांनीसुद्धा विचारलेला प्रश्न: याने प्रोग्रामचं वागणं बदलेल का?

त्याखाली मी लिहिलं होतं, "नाही. हे साधन फक्त मोकळ्या जागा आणि ओळी सरकवतं. प्रोग्राम जसा चालत होता तसाच चालेल." त्यातलं "नाही" मी ठळक केलं होतं. ते उत्तर आता त्या पानावर नाही.

मी ते थापा मारायला लिहिलं नव्हतं. पुरावा घेतला होता. साधन चालवण्याआधीचा प्रोग्राम आणि नंतरचा प्रोग्राम, यंत्राच्या भाषेत उतरवून, शेजारी ठेवून ताडून पाहिले होते. दोन्ही अक्षरशः एकसारखे होते. त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी शांत झोपलो.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापर्यंत जातं. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, त्यांच्या बदलीमुळे आम्ही मद्रासला आलो तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. ते गेल्यावर आई आमच्याकडे राहायची. मग ती न्हाणीघरात पडली. मी आणि बायको दोघंही दिवसभर बाहेर, घरात कुणी नाही. शेवटी शहराबाहेर, कोवलमच्या अलीकडे, ईस्ट कोस्ट रोडवर, म्हाताऱ्या माणसांसाठीच्या एका निवासात मी तिला ठेवलं. 'ठेवलं' हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरा कुठला खोटा शब्द मी इथे घालणार नाही. दुसऱ्या मजल्यावर खोली, खिडकीतून समुद्र, खाली जेवणघर. तिथल्या लिफ्टमध्ये आमच्याच कंपनीचा बोर्ड होता. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला आत शिरायला वेळ लागतो, म्हणून त्या एका इमारतीपुरता दार उघडं राहण्याचा वेळ मी वाढवून घेतला होता. आईसाठी मी नीट केलेलं तेवढं एकच काम, असं मला मनातून वाटायचं.

नव्या पद्धतीचा प्रोग्राम तयार झाल्यावर आमचा मेकॅनिक वार्षिक सर्व्हिसला तिकडे गेला आणि त्याने तो त्या बोर्डात भरला.

त्यानंतरच्या रविवारी फोनवर आई म्हणाली, "इथली लिफ्ट अगदी तुझ्या धाकट्या आत्यासारखी वागायला लागलीय. या बसा म्हणते आणि लगेच पाठ फिरवते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दार माझ्या वॉकरला लागतं. परवा मी अर्धी आत, अर्धी बाहेर."

"अगं, लागलं तरी ते परत उघडतं. तशी सोय असते त्याला."

"उघडतं. पण धक्का देऊन उघडतं."

"आई, तुझा पाय मंदावलाय. हळू जात जा, कुणाला तरी बरोबर घेत जा."

मग म्हणाली, "बरं." आईचं 'बरं' मला लहानपणापासून कळतं. पण मी फोन ठेवला आणि पेपर वाचायला घेतला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑफिसात कॉफीच्या वेळी, आमच्या टेस्टरबाई माझ्या टेबलाशी आल्या. माझ्याच वयाच्या, मैलापूरच्या, जिभेने तिखट. प्रश्नोत्तरांचं पान लिहिल्यापासून त्या मला 'वाद्यार' म्हणायच्या, म्हणजे मास्तर. नव्या कामासाठी तेच साधन लावायचं होतं, म्हणून त्यांनी माझं पान उघडलं होतं.

"वाद्यार, एक शंका."

"विचारा."

"तुम्ही लिहिलंय, हे फक्त मोकळ्या जागा सरकवतं."

"हो."

"मग माझ्या फाइलीतल्या अगदी वरच्या ओळी वर्णक्रमाने कशा लागल्या? मी काही त्या तशा लिहिल्या नव्हत्या."

"ते त्याचं जास्तीचं काम. नीट दिसतात की!"

"दिसतात हो. बायकोने कपाट आवरलं की शर्टसुद्धा नीट दिसतात. सापडतात का?"

मी हसलो. हसता हसता माझं लक्ष पुन्हा त्या वरच्या ओळींकडे गेलं.

ते काय होतं, हे या धंद्यात नसलेल्या माणसालाही सांगता येईल. प्रत्येक फाइलीच्या वरच्या ओळी म्हणजे सूचना असतात: आधी ही फाइल वाच, मग ती वाच. त्या निवासाच्या प्रोग्राममध्ये आधी खास त्या इमारतीची फाइल वाचली जायची, आणि तिच्यात दाराचा वाढवलेला वेळ होता. मग सर्वसाधारण फाइल वाचली जायची. दोन्ही फाइलींत एकच अट होती: वेळ आधी कुणी ठरवला नसेल, तरच हा घे. म्हणजे जी आधी येईल तिचं खरं. साधनाने त्या ओळी वर्णक्रमाने लावल्या आणि सर्वसाधारण फाइल वर गेली. कुठेही चूक दिसली नाही, कुठलाही इशारा आला नाही. दार उघडं राहण्याचा वेळ तेवढा सगळ्या जगासारखा झाला.

आणि माझा पुरावा? मी ताडून पाहिला होता तो सर्वसाधारण प्रोग्राम. त्यात खास फाइल नव्हतीच. खास प्रोग्राम एकाच इमारतीचा होता, तो ताडून पाहायचं मला सुचलं नाही. माझी आई जिथे राहत होती ती इमारत माझ्या लक्षातून गेली.

मी बाईंच्या समोरच तो खास प्रोग्राम बनवून आतला आकडा काढला. आकडा सर्वसाधारणच होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं. त्या कॉफीचा पेला ठेवायला गेल्या, आणि तेवढ्या वेळात माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहून ठेवतो. मेकॅनिकला काहीतरी निमित्त सांगून पाठवावं. गुपचूप दुरुस्त प्रोग्राम भरून घ्यावा. पान गुपचूप बदलावं. कुणाला कळणार होतं? लिफ्टचं दार जरा लवकर लागतं, हे म्हाताऱ्यांशिवाय कुणाच्या ध्यानात येतं? आणि म्हातारी माणसं बोलली तर आपण त्यांना सांगतो, तुमचा पाय मंदावलाय.

मग मी घड्याळाकडे पाहिलं. निवासात जेवण लवकर असतं. तासाभरात सगळे खोल्यांतून निघून लिफ्टसमोर जमणार होते. कुणी काठी घेऊन, कुणी वॉकर, आणि मधल्या गर्दीत आई, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिचं कंबरेचं हाड डॉक्टरांनी मला फिल्मवर बोट ठेवून दाखवलं होतं. हे पुन्हा मोडलं तर जुळायचं नाही, असं ते म्हणाले होते.

मी निवासाच्या मॅनेजरबाईंना फोन लावला.

"सार, अम्मा छान आहेत. थोड्या वेळाने जेवायला खाली येतील."

"लिफ्ट बंद करा."

"का सार? करंट आहे की."

"माझ्या आईला लिफ्टने आणू नका. कुणालाच आणू नका. बंदच करा."

"तुमच्या अम्मांना नको म्हणालात, नाही आणत. बाकीच्यांनी काय केलंय?" त्यांचा आवाज हसरा होता, सवयीचा. "सार, इथे सगळ्यांची मुलं फोनवरून काही ना काही बंद करायला सांगतात. परवा एकाने अमेरिकेतून सांगितलं, भाताचा तांदूळ बदला. लिफ्टचं म्हणाल तर कंपनीने सांगायला हवं."

टेस्टरबाई परत आल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या. मुलगा म्हणून माझ्या शब्दाला तिथे किंमत नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

"मी कंपनीतर्फेच बोलतोय," मी म्हणालो. "तो बोर्ड आमचा आहे. त्याच्या प्रोग्राममध्ये चूक झालीय. दार लवकर लागतंय. चूक माझी आहे."

"म्हणजे," त्या हळू म्हणाल्या, "ते बँकवाले साहेब गेल्या आठवड्यात लिफ्टच्या दारात पडले, ते..."

"कोण पडलं?"

"मनगट मोडलं त्यांचं. आम्हाला वाटलं चक्कर आली. मी त्यांना ओरडले सुद्धा, प्रेशरची गोळी चुकवता म्हणून."

मी खुर्चीत बसलो.

मालकांच्या केबिनमध्ये मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगायच्या आधी तिकडे सांगितलंत?"

"हो सार."

"ठीक. बाकी कुठल्या लिफ्ट?"

"वेगळा वेळ फक्त तिथेच होता. बाकी सगळीकडे सर्वसाधारणच आहे. हे नक्की..."

"तुमचं ते 'नाही' मी वाचलंय," ते म्हणाले. "ठळक अक्षरात आहे." मग टेस्टरबाईंना बोलावून सांगितलं, "प्रत्येक इमारतीचा प्रोग्राम तुम्ही स्वतः ताडून पाहा. हे यातून बाजूला राहतील." आणि मला म्हणाले, "मेकॅनिकला घेऊन जा. गाडी त्याला चालवू द्या. तुमचे हात बघा जरा."

गाडीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन दुरुस्त प्रोग्राम बनवला. ओळी पूर्वीच्या क्रमाने लावल्या, वर-खाली ती खूण घातली, म्हणजे साधन त्यांना हात लावणार नाही. आकडा काढून पाहिला. पुन्हा काढला. तिरुवान्मियुर मागे पडल्यावर बाईंचा फोन आला: बाकीच्या सगळ्या इमारतींचं जुळतंय. मी म्हटलं, "तुम्ही विचारलं म्हणून कळलं." त्या म्हणाल्या, "वाद्यार, आता समोर बघा आणि श्वास घ्या." त्यानंतर मी निवासात फोन लावत राहिलो. कुणी उचलेना. रस्त्यात उजवीकडे माशांच्या टोपल्या उतरवत होते, शेअर-रिक्षा आडव्या येत होत्या, मेकॅनिक शांतपणे हॉर्न वाजवत होता, आणि मला एकच दिसत होतं, की लिफ्ट बंद केल्यावर दुसऱ्या मजल्यावरची माणसं जेवायला कशी येतील, याचा मी विचारच केला नव्हता.

लिफ्टसमोर प्लास्टिकची खुर्ची आडवी घातली होती. ऑफिसात कुणी नव्हतं. आवाज जिन्यातून येत होते.

आई पहिल्या मजल्याच्या खालच्या वळणावर एका पायरीवर बसली होती. एका हाताने कठडा घट्ट धरलेला, पदर घामाने गळ्याला चिकटलेला. खालच्या पायरीवर एक आया तिचा वॉकर छातीशी धरून उभी होती, आणि मॅनेजरबाई वरच्या बाजूला आईच्या काखेत हात घालून.

"आलास?" आई म्हणाली. "बघ, ह्यांनी लिफ्ट बंद करून ठेवलीय. कुण्या शहाण्याचा फोन आला म्हणे."

"मी केला होता."

"तू?"

"मी ताट वर पाठवते म्हटलं सार," मॅनेजरबाई रडवेल्या झाल्या होत्या. "अम्मा ऐकेनात. मी जेवणघरात ताट वाढायला गेले तेवढ्यात निघाल्या."

"वर येईपर्यंत अवियलची भाजी गार होते," आई मराठीत म्हणाली. "आणि एवढ्याशा पायऱ्या. मला वाटलं जमेल." मग आवाज एकदम बारीक झाला. "आता गुडघेच ऐकत नाहीयेत रे. वरही नाही, खालीही नाही."

दारापासून वाचवायला मी तिला जिन्यात आणून बसवलं होतं. आम्ही तीच आडवी घातलेली खुर्ची वर आणली, तिला बसवलं, मेकॅनिक खालून, मी वरून, मॅनेजरबाई एका बाजूने. एकेक पायरी खाली. एकदा खुर्ची माझ्या बाजूने कलली आणि आईने माझी कॉलर अशी पकडली की गुंडी तुटली. मी तोंडाने काहीतरी म्हणत होतो. नंतर मेकॅनिकने विचारलं, सार, तुम्ही कुठला श्लोक म्हणत होता? मला माहीत नाही.

जेवणघरात तिच्यासमोर ताट आल्यावर मी तिला सांगितलं. तुझ्यासाठी दाराचा वेळ वाढवून घेतला होता, तो गेला.

"कुणी घालवला?"

"एक साधन लावलं होतं, त्याने. पण ते लावलं मी. आणि तपासलं नाही."

"मी सांगत होते तेव्हा काय म्हणालास तू?"

"पाय मंदावलाय म्हणालो."

"हं," म्हणून ती जेवू लागली. अवियल दुसऱ्यांदा मागून घेतलं.

बँकवाले साहेब पलीकडच्या टेबलावर डाव्या हाताने भात कालवत होते. ते तंजावरकडचे, पिढ्यानपिढ्यांचे मराठी. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल, आणि मधूनच बखरीतला वाटावा असा शब्द. आई त्यांच्याशी रोज पत्ते खेळायची आणि रोज त्यांची टिंगल करायची. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. हात जोडलेले होते, ते कधी जोडले कळलं नाही. सगळं सांगितलं. खर्च कंपनी देईल, हेही म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर लाज वाटली.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. प्लास्टरच्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे मला चक्कर नाही आली?"

"नाही."

"गोळी मी घेतली होती," ते म्हणाले. "त्या दिवशी घेतली होती. कुणी ऐकून घेईना. शेवटी मलाच वाटायला लागलं, विसरलो असेन." मग म्हणाले, "तुम्ही त्या बाईंना सांगा. सगळ्यांच्या समोर सांगा."

मी सांगितलं. सगळ्यांच्या समोर, आधी मराठीत आणि मग तमिळमध्ये. वाढप्याचा हात मध्येच थांबला होता, तो पुन्हा चालू झाला. साहेबांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. ते मला माफ करतो म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत. भेटलो की बोलतात, हवापाण्याचं.

मेकॅनिकने दुरुस्त प्रोग्राम भरला. मी लिफ्टच्या दारात आधी आईचा रिकामा वॉकर धरला, मग माझा हात, मग खांदा. वर नेऊन तेच, खाली आणून तेच. दार थांबत होतं, पूर्वी थांबायचं तेवढंच. मी पुन्हा केलं. मेकॅनिक म्हणाला, "सार, पुरे." मी आणखी एकदा केलं. पडद्यावर आकडा बरोबर होता, दार बरोबर होतं, आणि तरीही मला वाटत होतं की कुठलीतरी दुसरी ओळ, मी न पाहिलेली, कुठेतरी सरकलेली असेल.

आई वॉकर घेऊन आली. लिफ्टच्या तोंडाशी थांबली.

"आता नाही ना लागणार?"

पूर्वीचा मी असतो तर 'नाही' म्हणालो असतो. "मी तपासलंय," मी म्हणालो. "मला दिसलं तेवढं सगळं तपासलंय. मी इथे उभा राहतो."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वॉकर उचलून आत ठेवला, एक पाय घेतला, दुसरा घेतला, आत जाऊन वळली. मी दाराच्या कडेवर तळहात दाबून उभा होतो. आया तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दार हलेना. आत बारीक घंटी वाजायला लागली.

"अरे," आई म्हणाली, "हात काढ आता. तू हात काढल्याशिवाय मी वर कशी जाणार?"